घोड्यांचा बदललेला पत्ता

"परंपरा माणसांत असते, जागेत नसते" हे वाक्य मी शाळेच्या समारंभांतून किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. विशेषतः नव्या इमारतीच्या उद्घाटनाला हे हमखास ऐकू येते. पाहुणे बोलतात, टाळ्या पडतात, आणि जुन्या इमारतीतला तो दगडी जिना, ती घंटा, तो पिंपळ यांचा विषय तिथेच संपतो. मीही टाळ्या वाजवल्या आहेत. पण हे वाक्य खरे आहे का, हा प्रश्न गेली दोन वर्षे माझ्या डोक्यात घोळतो आहे. आणि त्याला कारण झाला आहे इंग्लंडमधला एक घोड्यांचा शो!

घोड्यांवर लिहायला बसले आहे हे कळल्यावर घरात हशा पिकला. "आजी, तू कधी घोड्यावर बसलीस का?" ही नातवाची पृच्छा. नाही बाबा, बसले नाही. माझा घोड्यांशी संबंध मिरज स्टेशनाबाहेरच्या टांग्यांपुरता. तेव्हा जाणकारांनी हे लिखाण जाणकाराचे समजून वाचू नये. वर्गात मागच्या बाकावरून बघणाऱ्या मुलालाही कधी कधी फळ्यावरचे जास्त दिसते, एवढाच माझा अधिकार.

झाले असे की, २०२३ साली चार महिने लेकीकडे लंडनला होते. ती वेम्बलीला राहते. आपल्याकडच्या लोकांना वेम्बली म्हटले की फुटबॉलचे मैदान आठवते, पण त्या मैदानाच्या शेजारीच एक मोठी बंदिस्त इमारत आहे, वेम्बली अरेना. तिथे आता गाण्यांचे कार्यक्रम होतात. संध्याकाळी तरुण मुलामुलींच्या लांबच लांब रांगा लागतात. लेकीच्या शेजारी एक गुजराती काका राहतात, पूर्व आफ्रिकेतून सत्तरच्या दशकात आलेले. एकदा त्या रांगेकडे बोट दाखवून ते सहज म्हणाले, "बहेन, पहले यहाँ अक्तूबर में घोड़े आते थे." मला वाटले, काका थट्टा करताहेत. पण नाही. गाड्यांच्या तळावर तबेले उभे राहायचे, रस्त्याने घोड्यांच्या मोठमोठ्या गाड्या यायच्या, पहाटे टापांचा आवाज यायचा आणि आठवडाभर सगळीकडे लिदीचा वास! काका स्वतः दोनदा तिकीट काढून आत गेले होते. घोड्यांतले त्यांना काडीचे कळत नव्हते. "बच्चों को दिखाने ले गया था," म्हणाले.

हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा येणार आहे.

तर हा 'हॉर्स ऑफ द इयर शो'. नावातच त्याचा हेतू आहे. इंग्लंडात उन्हाळाभर गावोगावी, परगण्यांतून शेतकी प्रदर्शने भरतात आणि त्यांत घोड्यांच्या स्पर्धा होतात. त्यांतून निवडलेल्या घोड्यांना ऑक्टोबरात एका छताखाली आणायचे आणि वर्षातला सर्वोत्तम ठरवायचा. उड्यांच्या स्पर्धा आपण टीव्हीवर पाहिलेल्या असतात, पण तिथे त्याइतकाच मान दुसऱ्या प्रकारालाही आहे. त्यात घोड्याची बांधणी, चाल, वागणूक पाहतात. मला गंमत वाटली ती ही की काही वर्गांत परीक्षक नुसते खुर्चीत बसून गुण देत नाहीत. ते स्वतः त्या अनोळखी घोड्यावर स्वार होऊन रिंगणात फेरी मारतात आणि मग निकाल देतात. आमच्या शिक्षणखात्यातल्या तपासणीला येणाऱ्या साहेबांनी एकदा तरी वर्गावर तास घेऊन मग शेरा लिहिला असता तर! असो.

हा शो सुरू झाला १९४९ साली. पॅरिसमध्ये बंदिस्त सभागृहात भरणारा उड्यांचा शो पाहून आलेले कॅप्टन टोनी कॉलिंग्ज यांनी कल्पना मांडली की असे काही आपल्याकडेही व्हावे, आणि ते सगळ्या वर्षाचा कळस म्हणून व्हावे. ती प्रत्यक्षात आणणारे होते कर्नल माइक ॲन्सेल. या माणसाविषयी थोडे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ते घोडदळातले अधिकारी, उत्तम पोलो खेळणारे, उड्यांच्या स्पर्धांत उतरणारे. १९४० साली फ्रान्समध्ये माघार घेताना आपल्याच बाजूच्या सैनिकांनी अंधारात चुकून झाडलेल्या गोळ्यांनी ते जखमी झाले, जर्मनांच्या कैदेत पडले आणि त्यांची दृष्टी गेली. कैदेत असतानाच, घोड्यांतले जाणणाऱ्या दुसऱ्या काही कैदी अधिकाऱ्यांबरोबर ते चर्चा करीत बसत. विषय काय? तर युद्ध संपल्यावर इंग्लंडमधल्या उड्यांच्या स्पर्धा प्रेक्षकाला बघाव्याशा कशा वाटतील!

युद्धापूर्वी त्या स्पर्धा कंटाळवाण्या होत असत. अडथळ्याच्या वरच्या दांडीवर लाकडाची एक बारीक पट्टी ठेवलेली असे. घोड्याच्या खुराने ती नुसती हलून पडली तरी गुण जात. लांब बसलेल्या प्रेक्षकाला ती पट्टी दिसतही नसे, त्यामुळे कोण जिंकले, का जिंकले, काही कळत नसे. स्वार हवा तेवढा वेळ घेत, घोडा गोल गोल फिरवत बसत. ॲन्सेल यांनी सुटून आल्यावर संघटनेचे अध्यक्षपद घेतले आणि पट्ट्या काढून टाकल्या. दांडी पडली की दोष, नाही पडली तर नाही. सोपा हिशेब. पाच वर्षांच्या पोरालाही समजावा असा. आता पाहा, ज्याला स्वतःला काही दिसत नव्हते त्याने सगळा विचार केला तो दुसऱ्यांना नीट दिसावे म्हणून. आणि दुसरे म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढचा प्रेक्षक घोडेवाला नव्हता, रस्त्यावरून चालत आलेला साधा माणूस होता.

पहिली दहा वर्षे हा शो उत्तर लंडनमधल्या हॅरिंगे अरेनात भरला. ती १९३६ साली बांधलेली. शेजारी कुत्र्यांच्या शर्यतींचे मैदान, आत मुष्टियुद्ध, बर्फावरची हॉकी, सर्कस. १९५४ साली बिली ग्रॅहम या अमेरिकन धर्मोपदेशकाची महिनोन् महिने चाललेली सभाही तिथलीच. थोडक्यात, कामगार वस्तीला लागून असलेली करमणुकीची जागा. आणि त्या जागेत इंग्लंडमधले उमदे घोडे येऊन उभे राहत! १९४९ च्या लंडनमध्ये घोडा हा कौतुकाचा विषय नव्हता, तो रोजचा सोबती होता. दुधाच्या, कोळशाच्या गाड्या अजून घोडे ओढत होते. म्हणजे जो माणूस सकाळी दारात दुधाच्या घोड्याला पाव भरवत असे तोच संध्याकाळी तिकीट काढून फॉक्सहंटरची उडी पाहत असे. फॉक्सहंटर म्हणजे तोच, ज्याच्यावर स्वार होऊन हॅरी लेवेलिन यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकात ब्रिटनला त्या वेळचे एकमेव सुवर्णपदक मिळवून दिले. त्याच्या नावाची नवशिक्या घोड्यांची स्पर्धा आजही चालते आणि तिची अंतिम फेरी याच शोमध्ये होते.

१९५८ मध्ये हॅरिंगे अरेना बंद झाली. पुढे कित्येक वर्षे ती इमारत अन्नधान्याचे कोठार म्हणून वापरली आणि १९७८ साली पाडली. तिथे आता दुकाने आहेत. ते पाहायला म्हणून मी काही गेले नाही. दुकाने पाहायला इतक्या लांब कशाला जायचे!

१९५९ साली शो वेम्बलीला आला. या इमारतीचे मूळ नाव 'एम्पायर पूल', आणि नावाप्रमाणे ती खरोखर पोहण्याचा तलाव म्हणून १९३४ साली बांधलेली होती. १९४८ च्या ऑलिंपिकमधल्या पोहण्याच्या शर्यती इथेच झाल्या. तलावावर जमीन आली, बर्फ आला आणि मग दर ऑक्टोबरात माती टाकून घोडे! १९७८ साली तिला वेम्बली अरेना हे नाव मिळाले. तेव्हा जागा आणि परंपरा यांचे नाते जन्मजात असते असे म्हणण्याची सोय इथे मुळीच नाही. तलावात घोड्यांची परंपरा कुठली? ती येऊन रुजली. रुजायला त्रेचाळीस वर्षे मिळाली.

ती कशाने रुजली, तर बीबीसीने. रात्री घरोघरी हा शो दिसू लागला. सुरुवातीच्या संगीतासाठी मोत्सार्टची एक रचना घेतलेली होती, त्याने अडाणी संगीतकारांची टिंगल करायला मुद्दाम बेंगरूळ रचलेली. ती सुरावट वाजली की घोडे, असे इंग्लंडमधल्या एका पिढीच्या कानांत बसले. समालोचक होते डोरियन विल्यम्स. हे गृहस्थ मला आपल्यातले वाटतात, कारण घोड्यांखेरीज त्यांचा दुसरा उद्योग म्हणजे प्रौढशिक्षण. आपल्या घराण्याच्या वाड्यात त्यांनी प्रौढांसाठी शिक्षणकेंद्र काढले आणि बागेत शेक्सपिअरच्या नाटकांचा महोत्सव चालवला. ज्याला काही येत नाही त्याला कमी न लेखता समजावून सांगण्याची हातोटी त्यांच्या समालोचनात होती असे म्हणतात, आणि ती कुठून आली हे शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

वेम्बलीच्या त्या वर्षांत घोड्यांची नावे घराघरांत झाली. स्ट्रोलर नावाचे एक तट्टू होते. तट्टूच, कारण त्याची उंची खांद्यापाशी जेमतेम पावणेपाच फूट. त्याची स्वार मॅरियन कोक्स, अगदी तरुण मुलगी. या जोडीने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकात मोठमोठ्या घोड्यांच्या बरोबरीने उड्या मारून रौप्यपदक आणले. मोठ्यांच्या बाकावर बसून धिटाईने उत्तर देणारा लहानखुरा मुलगा प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला असतो, तसे ते तट्टू. शिवाय मुलांचे खेळ होते. ज्यांच्याकडे भारी घोडे नाहीत, साधी तट्टे आहेत, अशा मुलांसाठी प्रिन्स फिलिप यांनी काहीतरी काढायला सांगितले आणि ॲन्सेल यांनी १९५७ पासून सांघिक शर्यती सुरू केल्या. घोड्यावरून उडी मारून उतरायचे, झेंडा घ्यायचा, पुन्हा चढायचे, पळायचे. त्या आजही होतात. माझ्या मते सबंध शोमध्ये पाहण्यासारखी गोष्ट तीच.

२००२ साली शोने वेम्बली सोडली आणि तो बर्मिंगहॅमला गेला. शहरात नव्हे, शहराबाहेर, विमानतळाला लागून १९७६ साली उभारलेल्या नॅशनल एक्झिबिशन सेंटरमध्ये. आजवर तो तिथेच आहे. त्या दालनाचे नाव मात्र एक नाही! जो पैसे देईल त्याचे नाव. एलजी झाले, गेंटिंग झाले, आम्ही गेलो तेव्हा रिसॉर्ट्स वर्ल्ड होते, २०२४ मध्ये तेही बदलून एका पेट्रोल कंपनीच्या चार्जिंगच्या धंद्याचे नाव लागले. नशीब, शोचे नाव अजून कुणाला सुचलेले नाही.

हो, आम्ही गेलो. त्याच ऑक्टोबरात. लेकीने माझा हट्ट पुरवला. यूस्टनहून गाडीत बसलो, बर्मिंगहॅम इंटरनॅशनलला उतरलो की स्टेशनातूनच पूल आहे, पावसात भिजावे लागत नाही. आत शिरल्यावर आधी दुकानांचे एक नगरच लागते. खोगिरे, लगाम, रिकिबी, घोड्याला पांघरायच्या रजया, त्याच्या खुराकाची पोती, त्याला नेण्याच्या मोटारी. एका बाईंनी मला अगदी सहजपणे विचारले, "तुमच्याकडे किती आहेत?" मी गोंधळले. लेकीने हळूच सांगितले, "आई, घोडे."

त्यांचा दोष नाही. तिथे आलेल्यांपैकी ज्याला घोडा नाही असा माणूस शोधावाच लागला असता. माझ्या पुढच्या रांगेतल्या लोकांना प्रत्येक तट्टूच्या आईबापांची नावे माहीत होती. मागच्या मुली स्वतः वर्षभर पात्रतेसाठी झटलेल्या होत्या, त्यांतल्या एकीची संधी थोडक्यात हुकली होती आणि ती रडवेल्या आवाजात ते सांगत होती. छान लोक होते. आपुलकीने समजावून सांगणारे. पण ते सगळे एकाच गोतातले होते. लग्नात दोन्हीकडचे पाहुणे असतात तशी गर्दी नव्हती, भाऊबंदांची बैठक होती.

आता मुख्य मुद्दा. वेम्बली सोडण्याचा निर्णय चुकीचा होता का? घोड्याच्या बाजूने पाहिले तर नाही, आणि हे मान्य करायलाच हवे. शहराच्या पोटात शेकडो घोडे आणायचे, त्यांचे तबेले, त्यांना अंग मोकळे करायला जागा, त्यांच्या लांबलचक गाड्यांना वळायला वाट, या सगळ्याची ओढाताण. इथे महामार्ग दारातून जातो. देशाच्या मध्यावरची जागा, त्यामुळे स्कॉटलंडहून निघालेल्या घोड्याचा प्रवास तेवढाच कमी. छताखाली दालनाला लागून दालने. जनावराला दगदग कमी होत असेल तर माझ्यासारख्या बाईच्या हळवेपणाला काय किंमत? लेक हाच मुद्दा मांडत होती. "तुला घोडे आवडतात की वेम्बली?" असे तिने थेट विचारले. उत्तर तिला हवे तसे दिले. पण ते पुरते नाही, असे मला तेव्हाही वाटत होते.

कारण हे एकट्या या शोचे झालेले नाही. लंडनमध्येच ऑलिम्पिया नावाचे जुने काचेच्या कमानीचे सभागृह आहे. तिथे १९०७ साली पहिला आंतरराष्ट्रीय घोड्यांचा शो भरला. अध्यक्ष लॉर्ड लॉन्सडेल, सगळीकडे फुलांची आरास, आणि युरोपभरचे लष्करी अधिकारी स्पर्धेला आलेले. १९११ मध्ये राजाच्या नावाचा सोन्याचा चषक ठेवला तर पहिल्याच वर्षी तो एका रशियन अधिकाऱ्याने नेला! पुढे तो शो तिथून हलला, गावोगाव फिरला आणि १९९२ पासून ससेक्समधल्या हिकस्टेडच्या उघड्या मैदानावर स्थिरावला. ऑलिम्पियात १९७२ पासून नाताळच्या सुमाराला दुसरा शो भरू लागला. त्यात उड्या होत्या, तोफखान्याच्या घोड्यांची कवायत होती, चिमुकल्या शेटलंड तट्टूंची शर्यत होती आणि शेवटी सांताक्लॉजही. १९७८ साली तिथे निक स्केल्टन या वीस वर्षांच्या मुलाने लास्टिक नावाच्या घोड्यावरून भिंतीवरून उडी मारली ती २ मीटर ३२ सेंटिमीटर. ब्रिटनमधला तो उच्चांक. (हाच निक स्केल्टन पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकात अठ्ठावन्नाव्या वर्षी सुवर्णपदक जिंकला. निवृत्तांनी वाचावे!) ऑलिम्पियाची फेरबांधणी निघाली आणि २०२१ पासून हा शो पूर्वेला, जुन्या गोद्यांच्या भागातल्या एक्सेल प्रदर्शनकेंद्रात गेला. जागा प्रशस्त झाली. निदान लंडन तरी सुटले नाही, आणि दाराशी रेल्वे आहे.

न्यूयॉर्कची गोष्ट याहून बोलकी. तिथला 'नॅशनल हॉर्स शो' १८८३ पासून मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरे. इमारत पाडली, नवी बांधली, पुन्हा पाडली, पण नाव तेच आणि शो त्यातच. शहरातल्या प्रतिष्ठितांचा हंगाम त्याने सुरू होई. १९८९ मध्ये तो नदीपलीकडे न्यू जर्सीत गेला, १९९६ मध्ये परत आला, काही वर्षांत पुन्हा बाहेर पडला, आणि २०११ पासून केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला भरतो. केंटकी म्हणजे घोड्यांचे माहेर. तिथे त्यांचे उत्तम चालले असणार. पण मॅनहॅटनमधल्या मुलाला आता घोडा दिसतो तो पोलिसांचा किंवा बागेतल्या बग्गीचा.

सगळीकडची दिशा एकच आहे हे लक्षात आले असेल. घोडा शहरातून निघून घोडेवाल्यांकडे चालला आहे. प्रत्येक वेळी कारणे वाजवी आहेत. खर्च, जागा, वाहतूक, जनावराची सोय. एकेक कारण तपासले तर मी स्वतः सही करीन. पण त्या सगळ्या सह्यांची बेरीज काय होते? ॲन्सेल यांनी पट्ट्या काढल्या त्या ज्याच्यासाठी काढल्या तो प्रेक्षकच उरत नाही. ज्याला घोड्यातले सगळे कळते त्याला पट्टी असती तरी चालले असते. 'बच्चों को दिखाने' तिकीट काढणाऱ्या माणसाला ती नको होती. आणि तो माणूस बर्मिंगहॅमच्या विमानतळाजवळ सहज म्हणून येत नाही. तिथे माणूस ठरवून येतो, आणि ठरवून तोच येतो ज्याला आधीच गोडी आहे. गोडी लागायची कुठे, मग?

"टीव्ही आहे की, मोबाइल आहे," असे कुणी म्हणेल. त्यावरही ज्याला हवे तोच शोधून पाहतो. पूर्वी एक-दोन वाहिन्या होत्या तेव्हा इलाज नव्हता म्हणून का होईना, सगळ्या घराने मिळून घोडे पाहिले. सक्तीचा मराठी तास नसता तर तुकोबा किती जणांनी उघडला असता, हे मी बत्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगू शकते.

आणि इथे मला त्या शोमधली जुनी, सर्वांत सुंदर प्रथा सांगायची आहे. शेवटच्या रात्री सगळे झाले की विजेते घोडे रिंगणात येतात, आणि घोड्याविषयीचे एक छोटे मानपत्र वाचले जाते. स्पर्धेची ढाल नाही, बक्षिसाची रक्कम नाही, केवळ माणसाने घोड्याचे मानलेले ऋण. ॲन्सेल यांच्या विनंतीवरून ते १९५४ साली लिहिले रोनाल्ड डंकन या कवीने. ते आधी हॅरिंगेत वाचले गेले, मग वेम्बलीत, मग बर्मिंगहॅमला. इमारत बदलली, प्रायोजक बदलले, शब्द तेच राहिले. 'परंपरा माणसांत असते' म्हणणाऱ्या पाहुण्यांच्या बाजूने याहून बळकट पुरावा मला सापडला नाही.

पण हा डंकन कोण? घरी येऊन मी त्यांची माहिती काढली आणि चकित झाले. हे गृहस्थ तरुणपणी कट्टर शांततावादी. त्यांनी गांधीजींशी पत्रव्यवहार केला आणि १९३७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपास, ते आपल्या वर्ध्याला आले, गांधीजींना भेटायला! पुढे त्यांनी गांधीजींच्या निवडक लेखनाचा एक संग्रह संपादित केला, तो १९५१ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाला. ते डेव्हन परगण्यात समुद्राकाठी शेती करून राहिले. त्यानंतर तीन वर्षांनी लिहिलेल्या त्या मानपत्रात घोड्याची शर्यत नाही, किंमत नाही. राबलेल्या, लढलेल्या, तक्रार न केलेल्या सोबत्याविषयी कृतज्ञता आहे. वर्ध्याहून परतलेल्या माणसाने ते लिहावे याचे मला तरी नवल वाटत नाही. मुक्या जनावराची सेवा ही सेवाच, हे तिथे ऐकले नसेल तर कुठे ऐकणार? हा माझा तर्क आहे, पुरावा मागू नये.

तर ते ऋण कुणाचे? १९५४ च्या हॅरिंगेतल्या श्रोत्याला वेगळे सांगावे लागत नव्हते. त्याचा कोळसा घोड्याने आणलेला होता, त्याचा बाप पहिल्या महायुद्धात घोड्यांसोबत चिखलात उभा राहिलेला होता. ते मानपत्र घोडा पाळणाऱ्यांनी घोड्याला दिलेले नाही, सगळ्या माणसांनी दिलेले आहे. घोडेवाल्यांसमोरच ते वाचायचे म्हणजे आईचे उपकार आईच्या माहेरच्यांना सांगण्यासारखे. त्यांना ते ठाऊक आहेत, त्यांचे डोळेही भरून येतात. माझ्या पुढच्या रांगेतले गृहस्थ टोपी काढून उभे होते. पण ज्यांना ठाऊक नाही ते त्या वेळी कुठे होते?

मला विचाराल तर शो परत वेम्बलीला आणा असे मी म्हणणार नाही. ते होणारही नाही, आणि घोड्यांच्या दृष्टीने होऊही नये. पण बर्मिंगहॅम हे काही रान नाही. दहा लाखांहून जास्त वस्तीचे शहर आहे, आणि त्यात आपल्याकडच्या, पाकिस्तानच्या, कॅरिबियन बेटांच्या कुटुंबांची मुले शेकड्यांनी शाळांत आहेत. आम्ही गेलो तेव्हा प्रेक्षकांत त्यांतली मुले मी बोटांवर मोजली, दोन्ही हात लागले नाहीत. शो चांगला पाच दिवस चालतो. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळच्या वेळी सभागृहात खुर्च्या रिकाम्या दिसतात. त्या खुर्च्यांवर शहरातल्या शाळांचे वर्ग आणून बसवा, मुलांच्या तट्टूंच्या शर्यती त्यांना दाखवा, आणि ते मानपत्र रविवारी रात्रीबरोबर बुधवारी सकाळीही एकदा वाचा. खर्च बसचा. असा काही उपक्रम तिथे आधीच चालत असेल तर फारच उत्तम, तो दुप्पट करा.

हे मी लेकीकडून इंग्रजीत लिहवून घेऊन आयोजकांना पाठवणार आहे. लेक म्हणते, "आई, ते तुला उत्तर देणार नाहीत." बघू. शेजारच्या काकांनी मात्र ऐकल्याबरोबर सांगितले, "बहेन, बस जा रही हो तो मेरी पोती का नाम लिख लो." तिची शाळा बर्मिंगहॅमची नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.